जाळाचं ठीक, राखेचं काय?

घाटकोपरच्या आमच्या चाळीत माझ्या लहानपणी भुशाची शेगडी होती. पत्र्याचा गोल डबा आणि खालच्या अंगाला एक भोक, बस्स. वखारीतून भुशाची गोणी यायची. आजी डब्याच्या मधोमध काचेची बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून लाटणं आडवं सारायची आणि ते बाटलीला टेकलं की भोवती भुसा घालून मुठीने ठोकत बसायची. डबा काठोकाठ भरला की आधी लाटणं काढायचं, मग बाटली हळूहळू फिरवत, श्वास रोखून वर ओढायची. भुशाच्या पोटात काटकोनात वळलेला बोगदा तयार. खालून रॉकेलचा बोळा पेटवून सारला की ज्योत त्या बोगद्यातून वर यायची आणि पुढचे दोन-अडीच तास शेगडीला कुणी हात लावायचा नाही. वरण, भात, शेवटी आंघोळीचं पाणी, सगळं एका भरण्यात. भुसा सैल राहिला असेल तर मात्र भिंत मध्येच ढासळायची आणि अख्खा मजला खोकायला लागायचा.

संध्याकाळी डबा कागदावर उपडा केला की आजी राखेकडे बघून निकाल द्यायची. राख पांढुरकी, पिठासारखी आणि मूठभर निघाली, तर भुसा चांगला. राखेत काळे खडे दिसले, तर "मेल्याने ओला दिला आज." चुरचुरीत, वाळूसारखी लागली, तर भुशात वखारीतल्या जमिनीची माती आलेली. तिला इंधनशास्त्र शिकवायला कुणी गेलं नव्हतं. पण आज प्रयोगशाळेत जैवइंधनाची जी तपासणी होते, तिच्यात याच तीन गोष्टी पाहतात: ओल किती, राख किती आणि त्या राखेत काय.

हे सगळं आठवायचं कारण भांडुपच्या एका केटररचं स्वयंपाकघर. लग्नाच्या जेवणाची बोलणी करायला गेलो होतो. मागच्या पडवीत बारा-पंधरा पोती रचलेली, आणि भट्टीवर भाताचं मोठं पातेलं. भट्टीत गॅस नव्हता, डिझेलही नव्हतं. एक मुलगा पोत्यातून डबा भरून तपकिरी, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या वरच्या पेटीत ओतत होता. खाली छोटा पंखा घरघरत होता आणि ज्योत निळसर-पिवळी, जवळजवळ बिनधुराची. मी खूश झालो. तेवढ्यात दुसऱ्या थंड झालेल्या भट्टीपाशी एक जण छिन्नी-हातोडी घेऊन बसला. जाळीवर काळपट, काचेसारखा चकाकणारा दगड चिकटून बसला होता, तो फोडून काढत होता.

"हे काय?"

"दगड. रोज निघतो, काका."

"जाळता काय तुम्ही?"

"गोळी. पोतं येतं."

"कशाची गोळी?"

"लाकडाची म्हणतो तो."

शुद्ध लाकडाच्या गोळीतून रोज असा दगड निघत नाही. राख सांगत होती की पोत्यात निदान निम्मा माल दुसराच काहीतरी आहे.

गोळी, म्हणजे बाजारात जिला पेलेट म्हणतात ती, मुळात नवी वस्तू नाही. गुरं पाळणाऱ्याला गोळी पेंड ठाऊक असते. आरेच्या गोठ्यांत आणि जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांत तिची पोती कायम दिसायची. तेच यंत्र, तीच रीत. जाड पोलादी चकतीला भोकं, वर फिरणारे रूळ, रूळाखाली बारीक दळलेला माल आणि भोकांतून पलीकडे निघणाऱ्या गरम कांड्या. १९७०च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा अमेरिकेत लोकांनी पशुखाद्याच्या याच यंत्रात लाकडाचा भुसा घालून पाहिला आणि पुढे हा धंदा युरोपभर पसरला.

गंमत अशी की चांगल्या गोळीत डिंक किंवा खळ काही घालावं लागत नाही. झाडाच्या पेशींना ताठ उभं करणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. दाबाने आणि घर्षणाने माल शंभर अंशांच्या आसपास तापला की लिग्निन मऊ होतो, कणांना धरतो आणि थंड झाला की घट्ट बसतो. आजीची मूठ जे काम वरवर करायची तेच इथे शेकडो पट दाबाने होतं. मोकळा पेंढा एक घनमीटर जागेत जेमतेम ५० ते १०० किलो मावतो. त्याचीच गोळी केली की त्याच जागेत ६०० ते ७०० किलो. पेंढ्याने भरलेला ट्रक पाहिला असेल तर आठवा: डोंगराएवढा माल, वजन काहीच नाही आणि रस्ता अडलेला. यवतमाळची पऱ्हाटी किंवा सोलापूरचं पाचट मुंबईच्या उपनगरात परवडेल अशा भावात पोचायचं असेल तर आधी त्यातली हवा आणि ओल काढावी लागते. गोळी म्हणजे एवढंच.

हीच वस्तू मनगटाएवढ्या जाडीच्या कांडक्यांत काढली की तिला ब्रिकेट म्हणतात. बॉयलरवाले तिला व्हाईट कोल म्हणतात, आणि दिसायला ती अजिबात पांढरी नसते. ठाणे-भिवंडीकडे कपड्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांच्या बॉयलरात ती सर्रास जाते. तिचा कच्चा माल भुसा, भुईमुगाची टरफलं, पऱ्हाटी, तुरीच्या तुऱ्हाट्या, बगॅस, कधी भाताचं तूस. बोरिवलीच्या गृहिणीला गोळी महत्त्वाची नाही. तिच्याकडे पाइपचा गॅस आहे आणि तो असेपर्यंत तिने दुसरीकडे बघू नये. पण केटरर, खाणावळ, फरसाणवाला, लाँड्री, छोटा कारखाना आणि बेकरी यांना गोळी खुणावते, कारण व्यापारी सिलिंडरचा भाव.

त्याचा हिशेब एकदा मांडून बघू. १९ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता सुमारे दोन लाख नऊ हजार किलोकॅलरी. बऱ्या प्रतीच्या गोळीत किलोला चार हजार. गॅसच्या शेगडीत साठ टक्के उष्णता भांड्याला लागते, पंख्याच्या चांगल्या गोळीभट्टीत पंचेचाळीसेक टक्के धरू. म्हणजे एका सिलिंडरच्या जागी साधारण सत्तर किलो गोळी. आपल्या भावाने गुणून पाहा, बचत दिसेल. विक्रेता हिशेब इथेच थांबवतो. पण सिलिंडर रिकामा झाला की रिकामा परत जातो, पोतं रिकामं झालं की राख उरते. गोळी लाकडाच्या भुशाची असेल तर त्या सत्तर किलोंतून पाऊण किलोच्या आत. टरफलांची असेल तर तीनेक किलो. भाताच्या तुसाची किंवा पेंढ्याची असेल तर बारा-चौदा किलो! तीन प्रकारांची गोळी दिसायला जवळजवळ सारखी आणि पोत्यावर लिहिलेलं एकच, 'बायो पेलेट'.

राख म्हणजे झाडाने जमिनीतून घेतलेलं जे हवेत उडून जाऊ शकत नाही ते. लाकडाचा गाभा झाडाच्या दृष्टीने खांब आहे, त्यात खनिजं थोडी, राख टक्क्याच्या आतबाहेर. सालीत जास्त, पानांत त्याहून जास्त, कारण झाडाचा कारखाना तिथे चालतो. उसाच्या पाचटात आठ-दहा टक्क्यांपर्यंत जाते. आणि भात तर जमिनीतली वाळूच, म्हणजे सिलिका, पाण्याबरोबर शोषून पानांत आणि तुसांत भरतो. भाताच्या पात्याने बोट कापतं ते त्यामुळेच. तुसाच्या दर शंभर किलोंमागे वीसेक किलो राख आणि त्यातली ८५ ते ९५ टक्के सिलिका. तुलनेसाठी, आपल्या देशी दगडी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. त्याच्यापुढे तूसही सोवळं.

आता तो भांडुपचा दगड. वीटभट्टीवर जास्त भाजून, वितळून एकमेकींना चिकटलेल्या विटांना खंगर म्हणतात. हा त्याचाच भाऊबंद. नुसती सिलिका वितळायला १,७०० अंश लागतात, एवढा ताप स्वयंपाकाच्या कुठल्याही भट्टीत नसतो. पण तिच्यात पोटॅश मिसळला की वितळणबिंदू धाडकन खाली येतो, आठशे-नऊशे अंशांवर. पूर्वी काच अशीच करत, वाळू आणि राख एकत्र तापवून. पेंढ्यात सिलिका आणि पोटॅश दोन्ही भरपूर, त्यामुळे पंख्याने फुलवलेल्या भट्टीत जाळीवरच काच ओतली जाते. ती हवेची भोकं बुजवते, हवा कमी पडली की धूर, धूर झाला की पंखा वाढवायचा, पंखा वाढवला की ताप वाढतो आणि आणखी खंगर. त्या मुलाच्या हातातली छिन्नी ही भट्टीची चूक नव्हती, पोत्याची होती. पंखा एक खूण कमी ठेवणं आणि राख साचू न देता दर तासाला खाली झटकणं एवढ्यानेही बराच फरक पडतो. खरा उपाय मात्र माल बदलणं.

धुराबद्दल दोन शब्द. ज्योतीत लाकूड स्वतः जळत नाही. तापलं की त्यातून वायू निघतात आणि जळतात ते वायू. धूर म्हणजे जळायचे राहून गेलेले वायू आणि काजळी, थोडक्यात पैसे मोजून आणलेलं आणि वाया गेलेलं इंधन. चांगल्या गोळीचुलीत खालून थोडी हवा, गोळीतून वायू काढण्यापुरती, आणि वरच्या काठाजवळ भोकांतून दुसरी हवा, ते वायू जाळून टाकण्यासाठी. गोळ्या एकसारख्या आणि कोरड्या असतात म्हणून हे गणित जमतं. ओल्या, वाकड्या फाट्यांत ते कधी जमत नाही.

घरगुती गोळीचूल महाराष्ट्रात येऊन गेलेली आहे, हे फार जणांना आठवत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने घडवलेली, छोट्या पंख्याची 'ऊर्जा' नावाची चूल २००६मध्ये बीपी या तेल कंपनीने बाजारात आणली. महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या गावांत ती मुख्यतः विकली गेली, चार लाखांच्या घरात. धूर खरंच कमी, बायका खूश. २००९मध्ये हा धंदा पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेला. मग बगॅस आणि टरफलं यांना दुसरे गिऱ्हाईक भेटले, साखर कारखान्यांचे वीजप्रकल्प आणि बॉयलरवाले. कच्चा माल महागला, गोळी महागली, आणि बाईने चूल माळ्यावर टाकली. कंपनी पुढे हॉटेलं आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळली. 'कचऱ्यापासून इंधन' म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण मुखोद्गत करावं. कचऱ्याला गिऱ्हाईक मिळालं की तो कचरा राहत नाही, त्याला भाव येतो. २०२१च्या केंद्रीय धोरणाने कोळशाच्या वीजकेंद्रांनाही गोळी जाळायला सांगितलं आहे, सुरुवात ५ टक्क्यांपासून. एवढं मोठं गिऱ्हाईक बाजारात उतरल्यावर भांडुपच्या केटररला चांगला माल किती आणि उरलासुरला किती मिळणार, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

उपनगरांत २०२५मध्ये या विषयाला धार आली ती पावामुळे. मुंबईच्या हवेच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूर गॅसवर किंवा दुसऱ्या हरित इंधनावर सहा महिन्यांत नेता येतील का ते पाहा, असं सांगितलं. महापालिकेने त्याप्रमाणे जुलैची मुदत घातली. बेकरीवाले हवालदिल झाले. पावाची जुनी भट्टी म्हणजे खोलीएवढी विटांची गुहा. आत लाकडं जाळून विटा तापवायच्या, निखारे बाजूला ओढायचे, तळ पुसायचा आणि मग साठवलेल्या उष्णतेवर लादीमागून लादी भाजायची. या भट्टीला गॅसचा बर्नर बसवणं सोपं नाही, तिची घडणच वेगळी.

पण त्यांच्या लाकडाबद्दल कुणी फारसं बोललं नाही. महागाईमुळे बेकऱ्यांत ओंडक्यांऐवजी भंगारातलं लाकूड मोठ्या प्रमाणावर जातं. मोडकं फर्निचर, प्लायवूड, रंगवलेल्या चौकटी, माल उतरवल्यावर फेकून दिलेली लाकडी पॅलेट. (पॅलेट आणि पेलेट यांत एका मात्रेचा फरक, पण राखेत जमीन-अस्मानाचा.) जुन्या रंगातलं शिसं आणि वाळवी लागू नये म्हणून काही लाकडांत मुरवलेलं तांबं, क्रोमियम, आर्सेनिक हे जळून नाहीसे होत नाहीत. थोडे धुरात जातात, बाकीचे राखेत गोळा होतात. दहा किलो लाकडात विरळ पसरलेलं शंभर ग्रॅम राखेत आलं की शंभर पट दाट होतं. ही राख झाडाला घालू नये, भांड्यांना तर नाहीच नाही. कायद्याने 'हरित' काय ठरेल ते ठरो, भंगारापेक्षा स्वच्छ मालाची गोळी कितीतरी बरी, आणि पाइपचा गॅस पोचतो तिथे तो दोघांहून बरा, असं माझं मत आहे. गोळीची जागा गॅस पोचत नाही तिथे.

दुसरी जागा स्मशानभूमी. मुंबईत महापालिका प्रत्येक पार्थिवासाठी ३०० किलो लाकूड विनामूल्य देते. २०२१मध्ये पालिकेने १४ स्मशानभूमींत लाकडाऐवजी शेतीतला आणि झाडांचा पालापाचोळा दाबून केलेल्या ब्रिकेट वापरायचं ठरवलं. वर्षाला १८ लाख ६० हजार किलो लाकूड वाचेल, असा हिशेब होता. शहरात झाडं मोजून २९ लाख ७५ हजार, आणि दर पावसाळ्याआधी त्यांची छाटणी ठरलेली. त्या फांद्या कामी येत असतील तर यासारखं चांगलं काही नाही. इथेही राखेचा प्रश्न आहेच, आणि तो जरा नाजूक. तीनशे किलो लाकडाची राख तीनेक किलो. शेतमालाच्या ब्रिकेट काहीशा कमी लागल्या तरी त्यांची राख दहा-बारा किलोंपर्यंत जाऊ शकते. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडायला आलेल्या माणसांना त्या ढिगात अस्थी शोधाव्या लागतात. मराठीत स्मशानातल्या राखेला आपण राख म्हणत नाही, रक्षा म्हणतो. तिथे कमी राखेचा, लाकडाच्याच भुशाचा माल यावा, एवढी अट निविदेत घालायला काहीच खर्च नाही.

आता राखेकडे जरा प्रेमाने बघू. लाकडाच्या चांगल्या राखेत पाव हिस्सा किंवा जास्त कॅल्शियम, सरासरी पाच-सात टक्के पोटॅश, टक्का-दोन टक्के फॉस्फरस आणि झाडाला लागणारी बहुतेक सूक्ष्म खनिजं. नत्र मात्र शून्य, ते जळताना हवेत गेलं. राख अल्कधर्मी, सामू १० ते १३, म्हणून ओल्या हातांनी धरली तर बोटं चरचरतात. भांड्यांना ती का चालते? एक तर बारीक घासणारे कण. दुसरं, राखेतला क्षार कढईच्या तेलाशी मिळून जागच्या जागी साबण करतो. पोटॅश हा शब्दच मुळी मडक्यातल्या राखेवरून आला. युरोपात राख पाण्यात खळखळवून ते पाणी मडक्यात आटवत, तळाला उरेल तो पोटॅश. हंफ्री डेव्हीने १८०७मध्ये त्यापासून धातू वेगळा केला आणि त्याला पोटॅशियम हे नाव पडलं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याने हे नाव न देता वापरलं. ठाणे-रायगडात भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, फाटे पसरून वरून माती टाकून भाजतात, त्याला राब म्हणतात. कोकणात आणखी खाली दाढ भाजतात. तणाचं बी मरतं, कोकणच्या आंबट जांभ्या मातीत राखेचा चुना आणि पोटॅश मिसळतो आणि रोप तरारून येतं. इंग्रजांच्या जंगलखात्याला राबासाठी तोडलेल्या फांद्या डोळ्यांत खुपत. ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५मध्ये सरकारला जंगल चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हा अंधेरी, बोरिवली, मुलुंड ही सगळी साष्टीतली गावं ठाणे जिल्ह्यातच होती. मुंबई उपनगर जिल्हा १९२०चा. आपल्या इमारतींच्या खाली जी भातखाचरं गाडली गेली, तिथे दर उन्हाळ्यात राखेचं हे काम चाले.

तेव्हा घरात किंवा धंद्यात गोळी जळत असेल तर राखेचं काय करावं? पहिली गोष्ट, थंड दिसणारी राख थंड नसते. राख चांगली उष्णतारोधक असते. आतला निखारा एक-दोन दिवससुद्धा जिवंत राहतो. झाकणाच्या लोखंडी बादलीत दोन-तीन दिवस ठेवल्याशिवाय ती प्लास्टिकच्या डब्यात जाता कामा नये. कचऱ्याची आग कशी असते हे पूर्व उपनगरांनी जानेवारी २०१६मध्ये देवनारचं डंपिंग पेटलं तेव्हा काही दिवस नाकाने अनुभवलं आहे. दुसरं, राख झाडताना वाऱ्यावर उधळू नका. बारीक सिलिका फुप्फुसाला वाईट, तुसाची तर जास्तच. किंचित पाणी शिंपडून मगच भरा.

कुंडीत चमचाभर, दोन महिन्यांतून एकदा, मातीत मिसळून. मिरची, टोमॅटो, केळी, वांगी खूश होतात. माडाच्या आळ्यात मूठ-दोन मुठी, माड पोटॅशचा भुकेला. अनंताला देऊ नका, त्याला आंबट माती लागते, पानं पिवळी पडतील. युरिया किंवा ताज्या शेणाबरोबर राख कधी मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं आणि नाकाला झोंबतं ते वेगळंच. सोसायटीच्या कंपोस्टमध्ये आंबूस वास सुटला असेल तर थरावर चिमूट-चिमूट भुरभुरली तर चालते. ढीगभर टाकली तर जिवाणू झोपतील. आणि हे सगळं स्वच्छ लाकडाच्या किंवा शेतमालाच्या राखेलाच लागू, भंगाराच्या राखेला नाही. तुसाची राख खतापेक्षा बांधकामाला जास्त उपयोगी. नीट जाळलेली असेल तर तिची सिलिका सिमेंटमधल्या चुन्याशी जुळून काँक्रीट घट्ट करते. पण ती पोत्या-दोन पोत्यांनी विकली जात नाही, ट्रकने जमली तरच कुणी येतं.

गोळ्या ठेवायच्या कशा, हेही सांगायला हवं, कारण आपला पाऊस. गोळीला पाणी लागलं की ती फुगते आणि पाच मिनिटांत पुन्हा भुसा होते. जुलै-ऑगस्टमधली नुसती हवाही तिला मऊ करते. पोती जमिनीवर नको, फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. बंद, कोंदट खोलीत टनाने साठवू नका. ताज्या लाकडी गोळ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, युरोपात गोदामात शिरलेली माणसं त्याने मेली आहेत.

आणि हे सगळं हवामानासाठी म्हणून करायचं असेल, तर एक शंका बाळगा. यॉर्कशायरच्या ड्रॅक्स वीजकेंद्रात वर्षाला लाखो टन गोळी जळते आणि त्यातली बरीच अमेरिकेतल्या जंगलांतून जहाजाने येते. ओंडका जाळायला तास लागतो, तो पुन्हा वाढायला चाळीस वर्षं. पऱ्हाटी मात्र दर वर्षी उगवते आणि शेतकरी एरवीही ती बांधावर पेटवून देतो. फरक एवढाच, आणि तो सगळ्यात मोठा.

माझी अडचण दुसरीच आहे. त्या पऱ्हाटीने विदर्भातल्या काळ्या मातीतून जो पोटॅश उचलला, तो भांडुपच्या बादलीत येतो. तिथून पालिकेच्या गाडीत. मुलुंडचं डंपिंग २०१८मध्ये बंद झाल्यापासून आपला बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो, राखही तिथेच. सफाई कामगाराने आमच्या केटररला विचारलं होतं म्हणे, "ही ओल्यात टाकू की सुक्यात?" कुणालाच त्याला उत्तर देता आलं नाही. आणि आपला देश शेतीला लागणारा जवळपास सगळा पोटॅश परदेशातून विकत आणतो. स्वीडनमध्ये लाकूड जाळून उरलेली राख पुन्हा जंगलात नेऊन टाकण्याची शिफारस वनखातंच करतं. त्यांना परवडतं, कारण ट्रक परत जातोच आहे.

आपला टेम्पोही परत जातोच. म्हणून पेलेट घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. पोतं उतरवून घेण्याआधी विक्रेत्याकडे राखेच्या टक्केवारीचा अहवाल मागा. तो टाळाटाळ करू लागला तर एक किलो गोळी थंड भट्टीत पूर्ण जाळा आणि उरलेली राख स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. दहा ग्रॅम भरली तर लाकूड, चाळीस-पन्नास भरली तर टरफलं किंवा पऱ्हाटी, दीडशेच्या वर गेली तर भात, आणि त्याचा भाव निम्मा मागा. सौदा पटला तर त्याच कागदावर आणखी एक ओळ घालून घ्या: येताना गोळी, जाताना राख. टेम्पो रिकामा परत पाठवू नका.